दह्याचा माग

गाडीची वाट बघणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं, हे मंगल शेवाळेला पक्कं ठाऊक होतं. तिची सगळी नोकरी कराड आगारात कंडक्टर म्हणून झाली होती. "येईल हो, येईल! लग्नाचा मुहूर्त टळतोय का तुमचा?" असं ती फलाटावर ठणकावून सांगायची आणि माणसं गप्प बसायची. निवृत्त झाल्यावर वाट बघायची पाळी तिच्यावरच आली, तेव्हा मात्र गप्प बसणं तिला काही जमेना. त्यात यावेळी खरोखरच लग्नाचा मुहूर्त टळायची भीती होती.

रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती फोन उघडायची. पडद्यावर हिरवं झाड उगवायचं. त्याला फांद्या, फांद्यांना टिंबं, आणि खाली तीच ओळ : 'तुमच्या विरजणाचा माग अपूर्ण आहे. एका नमुन्याची प्रतीक्षा.'

"केतकी, हे बघ, अजून प्रतीक्षाच. कुणाची ते तरी लिहावं की मेल्यांनी!"

"आई, रोज टोचून टोचून फोड पिकत नाही," केतकी आतून म्हणाली. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती आणि सकाळी तिची घाई असायची. "त्यांनाच माहीत नाहीये कुणाची. सांगितलंय ना तुला."

सांगितलं होतं, आणि मंगलला समजलंही होतं. पण समजणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

गोष्ट सुरू झाली होती ती एका चमचाभर दह्यापासून. दोन हजार पस्तीस साल उजाडलं तेव्हा पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेने राज्यातल्या घराघरांतून विरजण गोळा करायला घेतलं. चमचाभर दही निर्जंतुक डबीत भरायचं, टपालाचा ड्रोन दारात उतरला की त्याच्या कप्प्यात ठेवायचं आणि 'तुम्ही विरजण कुणाकडून आणलं?' एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर बोलून सांगायचं. बदल्यात संस्था त्या विरजणाचा माग काढून देणार होती : ते कुठून कुठे, कोणत्या घरातून कोणत्या घरात आलं.

"दह्याला काय कळतंय कुठनं आलं ते?" मंगलने तेव्हा विचारलं होतं.

केतकीचं मंगळसूत्र ओवायला आणलेले काळे मणी ताटलीत पडले होते. तिने दोरा घेतला.

"दह्यातल्या जिवाणूंनाही आजार होतात. त्यांच्यावर विषाणू हल्ला करतात. बहुतेक जिवाणू मरतात, पण एखादा वाचतो. जो वाचतो तो त्या विषाणूच्या जनुकाचा बारीकसा तुकडा कापून घेतो आणि स्वतःच्या जनुकात जपून ठेवतो. म्हणजे तो शत्रू पुन्हा आला की लगेच ओळखू येतो." तिने एक मणी ओवला. "हा पहिला आजार. मग हा दुसरा. नवा मणी नेहमी एकाच टोकाला, जुन्याच्या पुढे. जिवाणूची पोरंबाळं हीच माळ घेऊन जन्मतात."

"म्हणजे आजारपणाची पोत."

"अगदी! आता आजीने शेजारणीला विरजण दिलं समज. दोन्ही घरांत तोवरचे मणी सारखे. पण पुढे तिच्या गोठ्यातले विषाणू वेगळे, आपल्या गोठ्यातले वेगळे. तिथून पुढे माळा वेगळ्या होणार. दोन माळा शेजारी ठेवल्या की कळतं, ताटातूट कुठल्या मण्यापाशी झाली."

मंगल बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली. साध्या वाटीत, फडताळाच्या कोपऱ्यात, रोज रात्री झाकून ठेवलेली गोष्ट एवढं सगळं ध्यानात ठेवते, याचं तिला मोठं नवल वाटलं. "माणसापेक्षा बरं की," ती म्हणाली. "माणूस आजारपण तेवढं लक्षात ठेवतं, वाचवलं कुणी ते विसरतं."

केतकीला या प्रकल्पात गोडी वाटत होती ती आणखी एका कारणाने. आडनाव बापाकडून येतं. पेशीतला एक जनुकांचा संच निव्वळ आईकडून येतो. विरजण मात्र सासूकडून सुनेकडे जातं, किंवा शेजारणीकडून शेजारणीकडे. रक्ताचं काही नातं नसलेल्या बायकांमधून वाहत आलेला तो वारसा आहे, आणि आजवर कुठल्याच वंशावळीत त्याला जागा नव्हती.

मंगलच्या घरचं विरजण मात्र सासूचं नव्हतं. लग्न झालं तरी ती पहाटेच गाडीवर जायची, म्हणून आई, हौसाबाई, लेकीकडेच राहायला आली आणि स्वयंपाकघर शेवटपर्यंत तिच्याच हातात राहिलं. हौसाबाईचं गाव तळदरे. धरणाची भिंत चढू लागली आणि तळदरे पाण्याखाली गेलं. तिचं माहेर आणि सासर त्याच गावात होतं. गाव उठवलं त्या दिवशी माहेरची माणसं एका ट्रकमध्ये बसली, ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या. निघताना आईने तिच्या मांडीवर दह्याचं गाडगं ठेवलं. नव्या जागी चूल तरी कुठे असणार होती! पहिला ट्रक कुठल्या जिल्ह्यात गेला, हे हौसाबाईला कधीच कळलं नाही. धरणाजवळच्या माळावर तिने खोपट घातलं, तिथे मंगल झाली, मंगल पाळण्यात असतानाच नवरा गेला. भावांची चौकशी केली की ती एवढंच म्हणायची, "माझं म्हायार पाण्यात गेलं."

मंगलला ते वाक्य कळलं ते स्वतःच्या लग्नात. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं. भटजींनी हाक मारली, "मामा कोण? मामा या!" आणि भरल्या मांडवात कुणी उठेना. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी पंगतीचा आचारी पंच्याला हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "चल पोरी, मी नेतो." त्याच्या बोटांना फोडणीचा वास येत होता. भला माणूस होता. पण मंगलने बोहल्यापर्यंत मान वर केली नाही.

आता केतकीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मंगलला भाऊ नाही, पण हौसाबाईच्या भावांची मुलं कुठेतरी असणारच. त्यातला एखादा मामेभाऊ केतकीचा मामा म्हणून उभा राहिला असता. रक्ताची चाचणी करून झाली होती. तिने लांबचे भाऊबंद ढिगाने दाखवले, पण एकाही नावापुढे तळदरे नव्हतं. ज्यांनी स्वतःचं रक्त दिलं नाही ते चाचणीत सापडतच नाहीत. राहिलं विरजण. हौसाबाईच्या आईने एक गाडगं लेकीला दिलं तर दुसरं स्वतःबरोबर नेलं असणार, असा मंगलचा हिशेब होता. ते दही ज्या घरात निघेल ते तिचं आजोळ.

"मी चालत येईन की बोहल्यावर," केतकी म्हणायची. "मला पाय आहेत."

"तुला आहेत. मला तुझ्या मागे कुणीतरी हवंय," मंगल म्हणायची, आणि पुन्हा फोन उघडायची.

दसऱ्यानंतर झाडाला नवी फांदी फुटली. अपुराच, पण पहिला माग आला. पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर मंगलच्या दह्याशी जुळणाऱ्या घरांची टिंबं. केतकीने तो मोठा केला आणि ती बघतच राहिली.

"आई, हे एका गावात नाहीये. बघ ना. नीरेकाठी तीन घरं. मग भीमेच्या बाजूला. मग गोदावरी. शेवटी थेट हिंगोली, पूर्णेच्या कालव्यापाशी. प्रत्येक ठिकाणी दोनतीन शेजारणींना चमचा चमचा देत कुणीतरी पुढे गेलंय."

"धरणग्रस्ताला सरकार एकदाच उठवतं गं. इतक्यांदा कोण उठलं असेल?"

"तेच तर कळत नाहीये." केतकीने शेवटच्या टिंबावर बोट ठेवलं. तिथे पोकळ वर्तुळ होतं. हिंगोलीकडच्या दोन घरांनी 'विरजण पलीकडच्या घरातून आणलं' असं सांगितलं होतं. ते पलीकडचं घर म्हणजे या सगळ्या फांद्यांचं खोड. संस्थेने तिथे ड्रोन पाठवला होता. वर्तुळाखाली एकच शब्द होता : नकार.

मंगलने फोन पालथा ठेवला. "नाही म्हणाली ती."

"आई..."

"नाही म्हणाली. झालं. दारात गेल्यावर माणसाने नाही म्हटलं की पुढे काय बोलायचं असतं?"

होणाऱ्या विहीणबाईंचा दुपारी फोन आला : पत्रिका छापायला द्यायचीय, मामांचं नाव काय घालू? "कळवते," एवढंच मंगल म्हणाली. संध्याकाळी शेजारच्या नव्या सूनबाई वाटी घेऊन दारात आल्या. "काकू, थोडं विरजण देता? आमचं नासलं."

"आत्ता? दिवा लागलाय गं बाई. उद्या सकाळी ये, तांब्याभर देते," मंगलने सांगितलं, दार लावलं आणि तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली.

"केतकी! ते उडतं यंत्र हिंगोलीला किती वाजता गेलं होतं?"

केतकीने बघितलं. सूर्यास्त होऊन गेल्यावर. टपालाचे ड्रोन गावाकडे बहुतेक संध्याकाळी पाठवत, कारण तेव्हा हवेतली वाट मोकळी असे.

"दिवेलागणीनंतर दही मागायला गेलं! घरातली लक्ष्मी कोण देईल त्याला? मी असते तर लाटणं घातलं असतं त्याच्या डोक्यात. तिने नकार कुठं दिलाय? तिने वेळ बघितलीय!"

केतकी हसली, पण हसून सोडून देणारी ती मुलगी नव्हती. संस्थेने सगळ्या नमुन्यांची आकडेवारी लोकांसाठी खुली ठेवली होती. तिने राज्यभरातले, दर शंभर घरांमागचे नकार उचलले आणि दिवसाच्या वेळेनुसार मांडले. सकाळी जेमतेम होते. दुपारी तेवढेच. सूर्य मावळला की रेघ भिंतीसारखी उभी चढत होती, आणि प्रत्येक जिल्ह्यात तिथल्या सूर्यास्ताबरोबर चढत होती. एवढा सुबक आलेख तिने पाण्याच्या तपासणीत कधी पाहिला नव्हता. तिने तो संस्थेला पाठवला. सकाळी उत्तर आलं. तिथल्या मुख्य संशोधक बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या अख्ख्या गटात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझी आईसुद्धा संध्याकाळी दही देत नाही, आणि तरीही नाही आलं. सगळ्या नकारांना सकाळी पुन्हा विचारतो आहोत. हिंगोलीच्या घराचा पत्ता नियमाप्रमाणे देता येत नाही, पण तुमच्या आईंचा निरोप त्यांच्या आवाजात पोचवू शकतो.'

मंगलने घसा साफ केला आणि फलाटावर घोषणा करावी तशी बोलली :

"नमस्कार बाई. मी मंगल शेवाळे, कराड. तुम्ही दिवा लावल्यावर दही दिलं नाहीत, बरोबर केलंत. त्या यंत्राला वळण नाही. आता ते सकाळी येईल. तुमचं आणि आमचं विरजण एक आहे असं ही शास्त्रवाली माणसं म्हणतात. माझ्या आईचं नाव हौसाबाई, गाव तळदरे, पाण्यात गेलेलं. तुम्ही तिच्या माहेरच्या असाल तर मला सांगा. नसाल तरी सांगा. पण सांगा. वाट बघतेय."

मग सुरू झाली ती खरी वाट. आधीची वाट यंत्राची होती, ही माणसाची. आधी मंगल सकाळी फोन बघायची, आता दळण आणायला जाताना, कुकरची शिट्टी होताना, पोथी वाचताना मध्येच बोट ठेवून बघू लागली. कधी वाटायचं, भाऊ नाही तर भाचा तरी निघेल. त्याचं नाक आईसारखं असेल. कधी वाटायचं, तो म्हणेल, इतकी वर्षं कुठं होतीस, आता काय काम काढलंस? त्याला काय उत्तर द्यायचं, हे ती भांडी घासताना पाठ करायची. घरातलं दही मात्र रोज बिनबोभाट लागत होतं, कवडीसारखं घट्ट, आणि ती झाकण काढून क्षणभर त्याच्याकडे बघत राहायची.

माग पूर्ण झाला तो एका रविवारी. केतकीने आधी स्वतः वाचला. मग पुन्हा वाचला. मंगलला तिच्या तोंडावरून कळेना, रडू आलंय की हसू.

"बोल. गाडी लागली का चुकली?"

"आई, बस आधी." तिने पुन्हा दोरा आणि मणी आणले. "हे पहिले तीन मणी, तुझ्या आणि त्यांच्या माळेत सारखे. दोन उन्हाळ्यांमागे धरण आटलं होतं ना? तेव्हा संस्थेच्या लोकांनी बुडालेल्या गोठ्यांतला गाळ काढला होता. त्या गाळात हेच विषाणू सापडले. म्हणजे हे मणी तळदऱ्याचे. आजीच्या आईच्या गोठ्यातले."

मंगलने ते तीन मणी बोटाने चाचपले. आईच्या आईचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. फोटोही नव्हता.

"पुढचे दोन मणी बघ. हेही दोन्ही माळांत आहेत. पण हे विषाणू शेळीच्या दुधातले आहेत. आजीकडे शेळी होती?"

"कधीच नाही. म्हैस होती, ती दुष्काळात विकली. बहात्तरच्या. मी पोटात होते तेव्हा."

"तेव्हाच तर! हिंगोलीच्या लोकांकडे तेव्हा शेळ्या होत्या, त्यांनीच सांगितलंय. म्हणजे असं झालंय : विरजण आधी आजीकडून त्यांच्याकडे गेलं. मग म्हैस गेली, आजीचं गाडगं कोरडं पडलं. त्यांनी ते शेळीच्या दुधावर जगवलं. आणि नंतर तिला परत दिलं. झाडाची फांदी परत खोडात शिरत नाही, म्हणून त्यांच्या संगणकाने आपला नमुना आधी भेसळ समजून बाजूला काढला होता. अख्ख्या राज्यात असं एकच झाड निघालंय."

"त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे? माझे मामा?"

केतकीने दोरा खाली ठेवला. "नाही. धोत्रे म्हणून आहेत. वडार आहेत. धरणाच्या भिंतीचा दगड फोडायला आले होते. आजीच्या खोपटाशेजारी त्यांचं पाल होतं. ते धरण झालं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. म्हणून नदीनदीने गेलेत ते."

गाडी धरणाजवळून जायची तेव्हा आई खिडकीतून तोंड फिरवायची, ते मंगलला आठवलं. त्या भिंतीचे दगड ज्यांनी घडवले त्यांच्याच पालात आईचं दही जगलं. आणि तीच आई, आंघोळीशिवाय देव्हाऱ्याला शिवू न देणारी, सोवळ्याओवळ्यात घर बांधून ठेवणारी, त्यांच्या चुलीवरचं दही रोज लावत आली आणि जन्मभर कुणाला बोलली नाही.

"म्हणजे माहेरचं कुणी नाही," शेवटी ती म्हणाली.

"रक्ताचं नाही."

"मग काय उपयोग झाला गं एवढ्या शास्त्राचा?"

केतकीला वाईट वाटलं. ती हळूच म्हणाली, "त्यांनी निरोप ठेवलाय, पत्ताही दिलाय. ऐकतेस?"

म्हाताऱ्या बाईचा खरखरीत आवाज होता. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. आवाज फक्त म्हणाला, "या म्हनावं."

मंगलने तो निरोप तीनदा ऐकला. मग उठली आणि बॅग काढली. "चल. 'या' म्हटल्यावर न जाणं बरं दिसत नाही."

हिंगोलीच्या पुढे, कालव्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये ग्रॅनाइटच्या लाद्या उभ्या होत्या. नागेश धोत्रे स्वयंपाकघराचे ओटे घडवायचा. पन्नाशीचा, केसांत दगडाची पांढरी भुकटी. त्याने मशीन थांबवलं, हात धुतले आणि "या अक्का" म्हणून आत नेलं. घरात त्याची आई रेणुकाबाई जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिने मंगलला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"लई लांबनं आलात. जेवून घ्या आधी. मग बोला."

मंगलने आणलेली साडी आणि पेढे पुढे ठेवले. रेणुकाबाईने पेढे घेतले, साडी बाजूला सारली. "साडी पाहुनीनं आणायची आसती."

या बोलण्याचा रोख मंगलला कळेना. तेवढ्यात केतकी म्हणाली, "मावशी, उन्हातून आलोय, थोडं ताक मिळेल?"

"थांब जरा. हौसा अजून लागली न्हाय."

मंगलचा हात तांब्यावरच राहिला. "कोण लागली नाही?"

"हौसा. दही गं."

"आमच्यात दह्याला हौसाच म्हणतात," नागेश दारातून म्हणाला. "मला वाटायचं, जगात सगळे तसंच म्हणतात. शाळेच्या सहलीत हॉटेलात जाऊन मी हौसा मागितली. मालक म्हणाला, ती आमच्याकडं कामाला नाही."

केतकी हसली आणि मग एकदम थांबली, कारण आई हसत नव्हती.

"मी लगीन होऊन आले," रेणुकाबाई सांगू लागली, "तवा सासूनं गाडगं माझ्या हातात दिलं. म्हनली, ही हौसा. हिला सांभाळ. मी इचारलं, कोन हौसा? म्हनली, धरनावर शेजारीन व्हती, पोटुशी. माझ्या पोराला हगवन लागली, समदी पालं सोडून दूर पळाली, आन ही बाय दहीभाताची वाटी घिऊन पालात शिरली. पोर जगलं. तेच माझं मालक. मग दुष्काळ पडला. हौसाची म्हस गेली, गाडगं वाळलं. सासूकडं दोन शेळ्या. लेकरांच्या तोंडचं दूध चमचाभर काढून तिनं ही जगवली. हौसा बाळंत झाली, लेक झाली, तवा गाडगं तिच्या दारात नेऊन ठेवलं." तिने मंगलकडे बघितलं. "ती लेक कुठं आसंल, म्हनत म्हनत मेली सासू."

केतकीला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. दारू प्यायलेल्या पासिंजरालाही तिकीट काढायला लावणारी बाई होती ती. पण मंगलने तांब्यावरचा हात तेवढा काढून घेतला. दूर परमुलखात, कधी न पाहिलेल्या घरात, साठहून जास्त वर्षं रोज रात्री कुणी ना कुणी तिच्या आईचं नाव घेत होतं.

दही लागलं. शेळीचं नव्हतं आता, म्हशीचंच, पण चव तीच होती, घरची. जेवणं झाली. मंगलने पत्रिकेचा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा पाण्याचं काहीतरी बोलून परत फिरवला. शेवटी केतकीनेच सांगून टाकलं.

"मामा, माझं लग्न आहे मार्गशीर्षात. बोहल्यावर आणायला मामा लागतो. याल?"

नागेश गडबडला. त्याने आईकडे बघितलं, मग मंगलकडे. "तुमच्यातली माणसं बोलतील, अक्का."

"बोलतील," मंगल म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. "विहीणबाई काय म्हणतील तेही माहीत नाही. पण मी विचारायला आले ते माझ्या मनाने आलेय. आईने तुमच्या घरातून घेतलं ते कुणाला विचारून घेतलं नव्हतं."

"मी दगडाचा माणूस," नागेश पुटपुटला. "मला ते भटजीचं काय कळतंय?" आणि कुणी काही बोलायच्या आत तो शेडकडे निघून गेला. मशीन सुरू झालं. पातं लादीवर टेकलं आणि घरभर कर्कश आवाज भरला.

केतकीने खाली बघितलं. मंगलने उगाच पदर सारखा केला. "काम असेल त्याला," ती म्हणाली.

"तू पड जरा," रेणुकाबाईने उशी सरकवली.

"नको, नको. मी दिवसा झोपत नाही. अख्ख्या नोकरीत कधी दुपारी डोळा लागला नाही माझा."

"नोकरी झाली न्हवं तुझी? मग पड. इथं कोन तिकीट मागतंय!"

मंगल टेकली ती फक्त बाईचं मन राखायला. खालची फरशी गार होती, नागेशनेच घडवलेली. दोन वाक्यं बोलली, तिसरं अर्धवट राहिलं. एवढ्या आवाजात तिला झोप लागली, तोंड किंचित उघडं टाकून, लहान मुलीसारखी. केतकीने आईला असं झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

रेणुकाबाई गुडघ्यावर हात देत उठली. दारापर्यंत गेली आणि शेडच्या दिशेने तिने हाक मारली, जपून, आतली जागी होणार नाही इतपतच.

"नागेश. मशीन बंद कर. तुझी बहीन झोपलीय."

पातं घरघरत मंदावलं आणि थांबलं. बाहेर कालव्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. थोड्या वेळाने नागेश दारात आला. आवाज होऊ नये म्हणून त्याने चपला हातात घेतल्या होत्या. तो केतकीजवळ उकिडवा बसला आणि कुजबुजत म्हणाला,

"किती तारखेला म्हणालीस?"